उद्या साहेब येणार

उद्या तुमच्या कारखान्यात प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या साहेबांची अचानक तपासणी आहे, ही बातमी तुम्हाला आज दुपारीच लागली असेल, तर अर्धी लढाई तुम्ही जिंकलात.

आधी ब्लोअरला, म्हणजे सांडपाण्याच्या टाकीत हवा सोडणाऱ्या यंत्राला, निळा रंग द्या. मग तो सुरू करा. क्रम चुकवू नका, कारण रंग नक्की बसतो, ब्लोअर सुरू होईलच असं नाही. वर्षभर वीज वाचवल्यामुळे तो जरा किंचाळेल. खरी अडचण त्या हवेच्या (एरेशन) टाकीतल्या जिवाणूंची आहे. सांडपाण्यातली घाण खातात ते हेच, आणि या लाडावलेल्या जिवांना चोवीस तास हवा लागते. ती तोडली की ते मरतात, टाकी काळी पडते, वास सुटतो. नवी फौज उभी राहायला काही आठवडे लागतात. ओव्हरटाइम देतो म्हटलं तरी एका रात्रीत ते कामावर येत नाहीत.

म्हणून सांडपाणी बाहेर पडतं त्या आउटलेटला स्वच्छ पाण्याचा पाइप जोडा. घाणीची मर्यादा लिटरमागे मिलिग्रॅममध्ये असते ना? मिलिग्रॅम कमी करणं खर्चिक, लिटर वाढवणं सोपं. नदीत घाण तेवढीच जाते, पण नदीच्या हातात प्रयोगशाळेचा अहवाल नसतो. फक्त साहेबांना पाण्याच्या मीटरपासून लांब ठेवा.

आता लॉगबुक, म्हणजे यंत्रणेच्या रोजच्या नोंदींची वही. इथे भलेभले आपटतात. तीनशे पासष्ट दिवस पाण्याचा पीएच (आम्लतेचा आकडा) ७.२, एकाच पेनाने, एकाच अक्षरात! अहो, शुद्ध पाण्याचाही पीएच इतका शिस्तीत राहत नाही. अधूनमधून ७.४ लिहा, एखाद्या पानावर तेलाचा डाग पाडा. ज्या दिवशी कारखाना बंद होता, त्या दिवशी किती पाणी शुद्ध केलं हे लिहिण्याचा उत्साह आवरा. आणि साहेब सकाळी अकराला आले, तर संध्याकाळी चारची नोंद आधीच भरलेली नसावी. ऑपरेटर भविष्यवेत्ता निघाला, तर त्याला पगारवाढ द्यावी लागेल.

धुराड्याची फार काळजी नको. तिथला नमुना घेणं किचकट: वर चढायचं, ठरलेल्या छिद्रातून नळी आत घालायची आणि धूर ज्या वेगाने वाहतो त्याच वेगाने तो ओढायचा, नाहीतर धुळीचा आकडा चुकतो. तुम्ही फक्त शिडी गंजू द्या. बाकीचं गुरुत्वाकर्षण बघून घेईल.

हे सगळं खटपटीचं वाटत असेल, तर थोरांचा आदर्श ठेवा. जपानमध्ये मिनामाताच्या चिस्सो कारखान्याने डिसेंबर १९५९ मध्ये थाटामाटात जलशुद्धीकरण यंत्रणा सुरू केली. समारंभात कंपनीच्या अध्यक्षांनी त्या यंत्राचं म्हणून पेलाभर पाणी सर्वांसमोर पिऊन दाखवलं. पाऱ्याचं सांडपाणी मात्र त्या यंत्रातून जातच नव्हतं. ते समुद्राकडे जात राहिलं, थेट १९६८ पर्यंत. मासे खाणाऱ्या माणसांचे हातपाय वाकडे झाले, बाळं आजार घेऊनच जन्मली. पण समारंभात खोट काढायला जागा नव्हती, हे कबूल करायलाच हवं.

पुढे हेच काम संगणक करू लागला. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांमधल्या सॉफ्टवेअरला चाचणी चालू आहे हे आपोआप कळायचं आणि गाडी तेवढ्यापुरती सोज्वळ व्हायची. रस्त्यावर तिचे नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत जात. २०१५ मध्ये बिंग फुटलं. तुमच्याकडे सॉफ्टवेअर नाही, गेटवरचा वॉचमन आहे. गाडी दिसली की एक फोन. तत्त्व तेच.

कारखान्याचं प्रदूषण मोजून अहवाल देणारा परीक्षक स्वतः निवडा आणि त्याचे पैसे स्वतः द्या. गुजरातमधल्या कारखान्यांवरचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे धुळीची मर्यादा घनमीटरमागे १५० मिलिग्रॅम, आणि परीक्षकांचे आकडे त्या रेषेच्या जेमतेम खाली दाटीवाटीने बसलेले. मग काही ठिकाणी परीक्षक चिठ्ठी काढल्यासारखे नेमले, मानधन सामायिक निधीतून दिलं, वर त्यांच्या मोजमापाची फेरतपासणीही ठेवली. झालं! आकडे खरे येऊ लागले आणि कारखान्यांनी प्रदूषणसुद्धा कमी केलं. असले प्रयोग तुमच्या भागात पसरणार नाहीत, याची दक्षता कारखानदारांच्या संघटनेमार्फत घ्या.

एका जातीच्या निरीक्षकापासून मात्र सांभाळा. तो कागद बघत नाही, नमुन्याचीही घाई करत नाही. यंत्रणेचं विजेचं मीटर वाचतो, रसायनांची बिलं मागतो, आणि टाकीच्या काठावर उभा राहून अगदी सहज विचारतो, “वर्षभर इतकं पाणी साफ केलंत, मग त्यातून निघालेला गाळ कुठे आहे?”

तेव्हा त्यांना ब्लोअरचा रंग दाखवा. हात लावू देऊ नका, अजून ओला असेल.