मेकॅनिकचं ऐकू येऊ नये म्हणून कोणता हेडसेट घ्यावा?

रिमोटवरच्या गाड्यांच्या शर्यतीत उतरायचं ठरवलंत, गाडी घेतलीत, इंजिन रुळवलंत, टायर चिकटवता चिकटवता बोटंही चिकटवून घेतलीत. आता राहिला फक्त वायरलेस हेडसेट. भले भले इथेच घसरतात, कारण ते आधी विचारत बसतात की हेडसेट नेमका कशासाठी हवा. हा प्रश्न मनात येऊच देऊ नका. कशासाठी ते एकदा कळलं की स्वस्तात भागतं, आणि स्वस्तात भागलेली वस्तू चारचौघांत मिरवता येत नाही.

तरी कुणी खोदून विचारलंच, तर उत्तर तयार असू द्या. चालक उंच स्टँडवर, मेकॅनिक खाली पिट लेनमध्ये, म्हणजे गाड्या इंधनासाठी आत येतात त्या पट्टीत. १:८ मापाच्या नायट्रो बगीचं, म्हणजे नायट्रोमिथेन मिसळलेल्या इंधनावर पळणाऱ्या गाडीचं, इंजिन ३.५ सीसीचं आणि टाकी जास्तीत जास्त १२५ सीसीची. ती आठ-दहा मिनिटांत आटते, आणि फायनल असते अर्ध्या तासाची, पाऊण तासाची, मोठ्या स्पर्धेत तासाभराची. म्हणजे मधून मधून गाडी आत आणायची, मेकॅनिकनं ती उचलून टाकीचं झाकण उघडायचं, बाटलीनं इंधन भरायचं आणि परत सोडायची. चालकाचे डोळे गाडीवर खिळलेले. घड्याळाकडे बघायला मान वळवली की गाडी ट्रॅकच्या कडेच्या पाइपावर चढलीच. म्हणून वेळेचा हिशोब मेकॅनिक ठेवतो आणि सांगतो, "पुढच्या लॅपला आत ये." एरवी, "मागचा तीन सेकंदांवर आलाय." शेवटी, "दोन मिनिटं राहिली, सांभाळून चालव." झालं. अख्ख्या फायनलमधलं कामाचं बोलणं एका पोस्टकार्डावर मावेल.

तेव्हा तुम्ही सहा जणांना एकाच वेळी बोलता येईल असा संच घ्या. तुम्ही, मेकॅनिक, मेकॅनिकला सल्ला देणारा, सल्ला देणाऱ्याचा मेहुणा, आणि वळणावर उभं राहून "आता डावीकडे" असं सांगणारा एक हौशी. सहावा हेडसेट राखीव ठेवा. चार्ज करायचा राहिलेला तोच असतो आणि ऐन वेळी हाताला लागतो तोही तोच.

रेंजच्या बाबतीत तडजोड नको. बहुतेक ट्रॅकवर पिट लेन स्टँडच्या पायथ्याशीच असते, म्हणजे मेकॅनिक तुमच्यापासून काही मीटरवर, जवळजवळ बुटांखाली उभा असतो. यासाठी खोक्यावर "५ किमी" छापलेला संच योग्य. मेकॅनिक वैतागून घराकडे निघाला तरी तुम्ही त्याला अर्ध्या वाटेपर्यंत दोष देऊ शकाल. खोक्यावरचा आकडा मोकळ्या मैदानावरचा असतो, मध्ये कुणी उभं नसताना काढलेला. स्टँडवर तुमच्या दोन्ही बाजूंना कोपराला कोपर लावून दहा-बारा माणसं उभी असतात, आणि माणूस म्हणजे बहुतांशी पाणी. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात मस्त जिरतात. ब्लूटूथ असेल तर फोन पँटच्या मागच्या खिशात, तोही मायक्रोफोनच्या विरुद्ध बाजूला ठेवा. पाच किलोमीटरचं राहू द्या, स्वतःच्या कमरेपासून कानापर्यंत आवाज पोचेना अशी व्यवस्था चुटकीसरशी होते.

२.४ गिगाहर्ट्झचा विषय निघालाच आहे तर जुन्या काळाचे दोन शब्द. पूर्वी गाड्यांचे ट्रान्समीटर २७, ४० किंवा ७५ मेगाहर्ट्झवर चालत, त्यात चॅनेल ठरवणारे क्रिस्टल बसवावे लागत, आणि कोण कोणत्या चॅनेलवर आहे ते बोर्डावर चिमटा लावून दाखवावं लागे. तुमच्याच चॅनेलवर कुणी बेसावधपणे ट्रान्समीटर सुरू केला की तुमची गाडी दोन धन्यांचं ऐकू लागे आणि शेवटी भिंतीचं ऐके. मग २.४ आलं, क्रिस्टल गेले, चिमटे गेले, आणि हरल्यावर सांगायचं हक्काचं कारणही गेलं. हा खेळाचा केवढा तोटा! ब्लूटूथ हेडसेटनं तो भरून काढलाय. तेही त्याच पट्ट्यात, ७९ चॅनेलांवर सेकंदाला १६०० उड्या मारतं. ट्रान्समीटरही उड्या मारणारे, त्यामुळे दोघं एकमेकांना चुकवत बहुतेक वेळा सुखानं नांदतात, आणि बिघडलंच तर आधी तुटतो तो हेडसेटमधला आवाज, गाडीचा ताबा सहसा नाही. पण हे कुणाला सांगू नका. गाडी उलटली की कानाला हात लावायचा, शेजाऱ्याच्या हेडसेटकडे बघायचं आणि फक्त "इंटरफिअरन्स" एवढंच म्हणायचं. अंगण वाकडं होतं हे सांगण्याची ही सध्याची रीत आहे.

आता बोलायचं कसं. इथे थोडं थांबू, कारण पैसे वाया घालवण्याची खरी संधी इथे आहे.

वॉकीटॉकीला बोलण्यासाठी बटण दाबावं लागतं. चालकाचे हात बघा. डाव्या हातात ट्रान्समीटरची मूठ, त्याच हाताची तर्जनी ट्रिगरवर, वेगही तिथेच आणि ब्रेकही तिथेच. उजव्या हाताची बोटं फोमच्या छोट्या चाकावर. दोन्ही हात पूर्ण भरलेले. बटण दाबायला तिसरा हात कुठून आणणार? एक जण ते हनुवटीनं दाबायचा प्रयत्न करताना दिसला. तो पाय वर करेल अशी आम्हाला आशा होती. शहाण्यानं यावरून एवढंच ओळखावं की चालकाला बोलायची फारशी गरजच नाही, त्यानं ऐकायचं आणि बटण मेकॅनिकच्या हातात ठेवायचं. तुम्ही मात्र बटणाविना चालणारा, आवाजानं आपोआप सुरू होणारा, ज्याला जाणकार व्हॉक्स म्हणतात, तो घ्या.

व्हॉक्सची गंमत अशी. मायक्रोफोनला ठरावीक पातळीच्या वर आवाज ऐकू आला की त्याला वाटतं धनी बोलतोय, आणि तो लगेच प्रसारण सुरू करतो. आता समोर दहा नायट्रो इंजिनं मिनिटाला तीस-पस्तीस हजार फेऱ्यांनी किंचाळतायत. मायक्रोफोनच्या दृष्टीनं धनी पाऊण तास अखंड बोलतोय. साध्या वॉकीटॉकीवर एका वेळी एकच बाजू बोलू शकते, म्हणून तुमचा मायक्रोफोन ती किंचाळी खाली पोचवत असेपर्यंत मेकॅनिकचा एक शब्द वर यायचा नाही. मेकॅनिक शेजारच्याच इंजिनाचा आवाज तुमच्याकडून, थोडा उशिरा आणि थोडा फाटलेला, पुन्हा ऐकत राहतो. कुणी आगाऊ माणूस म्हणेल की संवेदनशीलता कमी करा, मायक्रोफोनला फोमची टोपी घाला, तो ओठांना टेकेल इतका जवळ आणा. असल्या माणसाला टीममध्ये घेऊ नका.

संवेदनशीलता कमी केली तर व्हॉक्सचा दुसरा गुण दिसतो. त्याला जागं व्हायला क्षणभर लागतो आणि तेवढ्यात पहिल्या शब्दाचं तोंड कापलं जातं. मेकॅनिक म्हणतो, "पुढच्या लॅपला आत ये." तुम्हाला ऐकू येतं, "…च्या लॅपला आत ये." मन मोठं चतुर, ते रिकामी जागा "ह्या" घालून भरतं. तुम्ही गाडी पिट लेनमध्ये घालता. मेकॅनिकच्या एका हातात बाटली आहे, पण ती रिकामी. दुसऱ्या हातातल्या डब्यातून तो ती भरतोय. गाडी त्याच्या पायाशी येऊन थांबते. तो वर तुमच्याकडे बघतो, तुम्ही खाली त्याच्याकडे बघता. इंजिन दोन वेळा ठसकतं आणि बंद पडतं. आता इंजिन पुन्हा पेटवायला ग्लो प्लग तापवणारा इग्नायटर शोधा, ते फिरवणारा स्टार्टर बॉक्स शोधा, आणि या अवधीत मेकॅनिक जे बोलतो ते मात्र हेडसेटमधून पहिल्या अक्षरापासून लख्ख ऐकू येतं.

गुप्ततेचीही काळजी घ्या. तुमची इंधनाची रणनीती प्रतिस्पर्ध्याच्या कानी पडता कामा नये. म्हणून "३८ प्रायव्हसी कोड" असलेला वॉकीटॉकी घ्या. हा कोड म्हणजे बोलण्याखाली वाजणारा एक खालच्या पट्टीचा सूर असतो. तो सूर जुळला नाही तर तुमचा स्पीकर गप्प राहतो. म्हणजे दुसऱ्यांचं बोलणं तुम्हाला ऐकू येत नाही. तुमचं बोलणं मात्र त्या चॅनेलवर कोड न लावता बसलेल्या कुणालाही खुशाल ऐकू येतं. शिवाय दोन टीम वेगवेगळ्या कोडनं एकाच चॅनेलवर असल्या की एकमेकींना ऐकू न येताच एकमेकींचं बोलणं मारतात. दार आपल्याकडून लावून घ्यायचं आणि घराला भिंती नाहीत, असा हा मामला. सुरक्षित वाटतं ना? मग झालं तर.

दोन्ही कान पूर्ण झाकणारा, आवाज गिळणारा हेडसेट घ्यावा की नाही? घ्यावाच. हे नॉइज कॅन्सलिंगचं तंत्र सलग, खालच्या घरघरीवर उत्तम चालतं. नायट्रोच्या वर-खाली होणाऱ्या किंचाळीवर ते जरा कमी पडतं, पण मऊ गाद्या बाकीचं काम करतात. राहता राहिला लाउडस्पीकरवरून बोलणारा रेस डायरेक्टर. तो म्हणतो, "गाडी क्रमांक सात, शॉर्टकट मारलाय, स्टॉप अँड गो." म्हणजे शिक्षा म्हणून आत येऊन थांबायचं आणि मग परत निघायचं. सात नंबर तुमचाच. तुम्ही पुढच्या लॅपला येत नाही, त्याच्या पुढच्यालाही येत नाही. तो नाव घेऊन ओरडतो. शेजारचे चालक तुमच्याकडे बघतात आणि तुम्हाला वाटतं, ते आपल्या लाइनचं कौतुक करतायत. इतकी निर्मळ एकाग्रता ध्यानधारणेनंही साधत नाही.

वळणावर उभ्या राहिलेल्या त्या हौशी मित्राची आठवण आहे ना? त्याच्यासाठी गाणी ऐकायचे साधे ब्लूटूथ इअरफोन पुरेत. त्यांत आवाज पोचायला ०.२ सेकंद सहज लागतात. ताशी ५० किलोमीटरनं जाणारी बगी तेवढ्यात जवळजवळ तीन मीटर पुढे सरकते, आणि बगीची लांबी अर्धा मीटर. "ब्रेक!" हा शब्द तुमच्या कानात शिरतो तेव्हा गाडीनं त्याची दखल घेण्याची वेळ टळून गेलेली असते. मित्राला वाटतं आपण सांगितलं होतं, तुम्हाला वाटतं त्यानं उशिरा सांगितलं. दोघंही बरोबर असण्याचे प्रसंग आयुष्यात कमीच.

इलेक्ट्रिक गटात धावणाऱ्यांनी नाउमेद होऊ नये. तुमची शर्यत साधारण पाच मिनिटांची, इंधन नाही, पिट स्टॉप नाही, गाडीचा आवाजही बेताचा. तरी हेडसेट हवाच. फोनशी जोडणी होईपर्यंत पहिला लॅप संपेल आणि सुरुवातीच्या भोंग्याच्या जागी "कनेक्टेड" म्हणणारी एक गोड बाई ऐकू येईल. तेवढ्यासाठीही पैसे वसूल आहेत.

एका प्रकारापासून फक्त सावध राहा. काही जुने, पोक्त खेळाडू चालकाला एकाच कानाचा, तारेनं वॉकीटॉकीला जोडलेला साधा इअरपीस लावतात. वॉकीटॉकी वेगळ्याच पट्ट्यात, सहसा ४०० मेगाहर्ट्झच्या वर, त्यामुळे २.४ च्या गर्दीशी त्याचा संबंध नाही. दुसरा कान रेस डायरेक्टरसाठी मोकळा. मायक्रोफोन मेकॅनिककडे, तोही जाड मफवाल्या हेडसेटला दांडीनं लावलेला, कारण इंजिनाशेजारी तो उभा असतो. बटण त्याच्या कमरेला. सकाळी ट्रॅकवर पोचल्यावर शेजारच्या टीमला विचारून रिकामा चॅनेल घेतात, आणि सराव फेरीत एकदा इंजिनं चालू असताना बोलून बघतात. असल्या माणसांजवळ दाखवण्यासारखं काही नसतं. निळा दिवा नाही, अ‍ॅप नाही, दर आठवड्याला अपडेट नाही. त्यांच्याशी बोलायला विषयच मिळत नाही, आणि फायनल झाल्यावर ते पोडियमकडे गेलेले असल्यानं भेटतही नाहीत.

तुमची फेरी संपली की हेडसेट काढायची घाई करू नका. बहुतेक ठिकाणी रिवाज आहे की ज्याची फेरी झाली त्यानं पुढच्या फेरीत वळणावर मार्शल म्हणून उभं राहायचं आणि उलटलेल्या गाड्या सरळ करायच्या. तिथे दोन्ही कान झाकून उभे राहा. एखाद्याची गाडी तुमच्या पायाशी टपावर पडून चाकं फिरवत असेल, तो स्टँडवरून लाल होऊन "मार्शल! मार्शल!" असं ओरडत असेल. त्याचं तोंड हलताना दिसलं की तुम्हीही हात वर करून त्याला हसून ओळख दाखवा.