वॉलमार्ट परदेशात खरंच कमावतो का? गणपती पेठेत फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

सांगलीच्या गणपती पेठेतल्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: अमेरिकी दुकानसाखळी वॉलमार्ट देश वाढवतच चाललाय, एखाद्या ठिकाणी नाही जमलं तरी विकताना पैसे वसूल करतो, परदेशातून त्याला बक्कळ नफा आहे, भारतातही त्यानं बाजी मारलीय, तेव्हा किराणावाल्यांनी पोरांना या धंद्यात आणूच नये. शेवटचं वाचून राहवलं नाही. दोन-तीन पिढ्यांची पेढी बंद करायचा सल्ला द्यायचा, तर हिशेब तरी नीट मांडा.

‘देश वाढवतोय.’ उलट आहे. एकेकाळी २७ देशांत असलेला वॉलमार्ट आज १९ देशांत आहे. जर्मनीत तो १९९७ च्या अखेरीस शिरला आणि २००६ मध्ये ८५ दुकानं मेट्रो या तिथल्याच कंपनीला विकून बाहेर पडला. सुमारे १०० कोटी डॉलर बुडाले. आल्डी आणि लिडल या देशी साखळ्या तिथं आधीपासून स्वस्तात विकत होते. भाव पाडून गिऱ्हाईक ओढावं, तर २००० साली तिथल्या स्पर्धा नियामकानं दूध-लोण्यासारखा माल खरेदीच्या खाली विकायला तिघांनाही मनाई केली. ज्या जोरावर अमेरिका जिंकली, तो जोरच तिथं चालला नाही. दक्षिण कोरियाही त्याच वर्षी सोडला.

‘विकताना वसूल करतो.’ ब्रिटनमधली ॲस्डा ही किराणा साखळी १९९९ मध्ये ६७० कोटी पौंडांना घेतली, २०२१ मध्ये ६८० कोटींच्या मूल्यावर विकली. वरवर पाहता मुद्दल सुटलं. पण वॉलमार्टची वही डॉलरमध्ये असते. घेताना सुमारे १,०८० कोटी डॉलर, विकताना, २०२० मधल्या सौद्याच्या वेळच्या दरानं, सुमारे ८८०. शिवाय वीस वर्षांवरची महागाई. मधल्या काळात ॲस्डानं नफा दिला, तो धरायलाच हवा. पण मग व्याजही धरा की! आपल्यातला कुणीही मिरजेत शाखा काढतो, तेव्हा घातलेल्या भांडवलाचं व्याज वजा करूनच शाखा पिकली की नाही ते सांगतो. परदेशी कंपनीला वेगळा नियम का?

‘बक्कळ नफा.’ नफा आहे, हे मान्य. जानेवारी २०२५ ला संपलेल्या वर्षात परदेशातली विक्री सुमारे १२,२०० कोटी डॉलर आणि त्यावर कामकाजाचा नफा सुमारे ५५० कोटी. म्हणजे शंभराला साडेचार. अमेरिकेत तोच पाचाच्या वर. आणि हे साडेचार बुडीत देश काढून टाकल्यानंतरचे आहेत. त्यातही मोठा वाटा मेक्सिकोचा, जिथं १९९१ मध्ये सिफ्रा या तिथल्याच मुरलेल्या कंपनीशी भागीदारी करून सुरुवात केली होती.

‘भारतात बाजी मारली.’ कुठं? भारती या उद्योगसमूहाबरोबरची २००७ ची भागीदारी २०१३ मध्ये मोडली. २०१८ मध्ये फ्लिपकार्टचा ७७ टक्के हिस्सा १,६०० कोटी डॉलरना घेतला; नंतरही तिच्या ताळेबंदात वर्षामागून वर्षं तोटाच दिसला. मूल्यांकन वाढलंय, खरं. पण शेअर विकेपर्यंत ते गल्ल्यात येत नाही.

पेठेतल्या किराण्याला झळ बसतेय हे मलाही दिसतं. ती डी-मार्टसारख्या देशी साखळीची आणि मोबाइलवरच्या ऑर्डरची आहे. महिन्याचा किराणा भरणारी घरं कुणाची तुटली, कोणत्या मालावर तुटली, हे ज्याच्या-त्याच्या वहीत सापडेल. ग्रुपवर ते आकडे टाका, त्यावर मी जरूर बोलेन.