दोन्ही ट्विटर पुन्हा का जळले

नमस्कार भाऊ. एक स्टार देऊन तुम्ही लिहिलं की जुन्या स्पीकरला तीन आठवडे लावले, दोनशेला मिळणाऱ्या ट्विटरचे (पेटीतला बारीक सुरांचा छोटा स्पीकर) भलतेच पैसे घेतले आणि तान्ह्या पोळ्याच्या रात्री दोन्ही ट्विटर पुन्हा गेले. वडिलांची जोडी आहे, राग येणारच.

दोनशेचा ट्विटर मी त्याच दिवशी बसवून दिला असता. पण तो चार ओहमचा आणि तुमचा मूळचा आठचा; ओहम म्हणजे कॉइल विजेला किती अडवते त्याचं माप. क्रॉसओव्हर, म्हणजे जाड-बारीक सूर वेगळे करून ज्याच्या त्याच्या स्पीकरला पाठवणारं सर्किट, आठच्या हिशोबाने बांधलेला असतो. त्यावर चारचा लावला की ट्विटर जास्तच बारीक सुरापासून सुरू होतो आणि मिडरेंजच्या (मधल्या सुरांचा स्पीकर) वरचा आवाज पोकळ होतो. भजनातली खंजिरी तिथेच वाजते. म्हणून आठ ओहमची कॉइल येईपर्यंत थांबलो. क्रॉसओव्हरमधले कंडेन्सरही सुकले होते. वर्ध्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर जातो, आणि दर १० अंशांमागे इलेक्ट्रोलायटिक (आत द्रव असलेल्या) कंडेन्सरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. त्या जागी फिल्मचे टाकले, जुने पिशवीत घालून तुम्हाला दिले.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या पुतण्यासमोरच मी ट्विटर उघडले. कॉइल काळी पडलेली, तिची नळी वाकलेली, जळका वास. माझा डाग, म्हणजे सोल्डरचा जोड, सुटला असता तर तार तांबूसच राहिली असती. दोन्ही बाजूंना हेच, आणि त्याच वेळी दुरुस्त केलेले मिडरेंज मात्र स्वच्छ वाजताहेत.

पुतण्या म्हणाला, अंगणात कार्यक्रम होता, घरातला जुना अ‍ॅम्प्लिफायर फुल केला होता. लहान अ‍ॅम्प्लिफायरने स्पीकर जळत नाही, असं पुष्कळांना वाटतं. पण ताकद संपली की आवाज फाटतो, आणि फाटलेल्या आवाजात मूळ गाण्यात नसलेला बारीक सूर भरमसाट तयार होतो. क्रॉसओव्हर तो सरळ ट्विटरकडे पाठवतो. पेटीवर साठ वॅट लिहिलंय ते अख्ख्या पेटीचं. केसासारखी ती तार सलग पाच-दहा वॅटच सोसते. जाड सुरांचा वूफर दणक्यात वाजत राहतो, त्यामुळे वर काय जळतंय ते कोणाला कळत नाही.

अशी जोडी आता नवीन मिळत नाही, ती वाजती राहावी ही माझीही इच्छा आहे. फक्त कॉइलचे पैसे द्या, मजुरी घेणार नाही. अंगणातल्या कार्यक्रमाला भोंगे भाड्याने आणा. बाजाराचा दिवस सोडून केव्हाही या, आणि अ‍ॅम्प्लिफायर सोबत आणा. तो किती आवाजावर फाटतो ते तपासून बटणावर खूण करून देतो.