मस्टँगवाल्यांनो, थोडं या जाड्याबद्दलही ऐका

दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन लढाऊ विमान म्हटलं की लोक पी-५१ मस्टँगचं नाव घेऊन मोकळे होतात. देखणं आहे, मान्य. बॉम्बर्सना थेट बर्लिनपर्यंत सोबत केली, तेही मान्य. पण माझं मत विचाराल तर युद्धाची खरी हमाली केली ती पी-४७ थंडरबोल्टने.

वैमानिक त्याला 'जग' म्हणायचे, म्हणजे पाण्याचा जग. पोटच तसं! इंजिनाला दाबून हवा पुरवणारा टर्बोचार्जर शेपटीकडे बसवलेला, त्यामुळे हवेचे नळ वैमानिकाच्या खालून मागे जायचे आणि परत इंजिनाकडे यायचे. पुढे १८ सिलिंडरचं २००० अश्वशक्तीचं इंजिन, पंखांत ८ मशीनगन. सुरुवातीला चढायला सुस्त, पण सूर मारला की त्याच्यापुढे पळणं कठीण.

दोष होताच. १९४३ मध्ये जर्मनीच्या सीमेच्या आसपास पोचलं की इंधनापायी परत फिरावं लागे, आणि पुढे बॉम्बर्स एकटे मार खायचे. लांब सोबतीचं काम मस्टँगकडे गेलं ते योग्यच झालं.

पण मग थंडरबोल्ट जमिनीवरच्या लक्ष्यांवर मारा करायला खाली उतरलं, आणि इथे त्याचा खरा जम बसला. मस्टँगचं इंजिन द्रवाने थंड होणारं. रेडिएटरला एक गोळी लागली की काही मिनिटांत खेळ खलास. थंडरबोल्टचं हवेने थंड होणारं, मार खाऊनही चालणारं. २६ जून १९४३ ला वैमानिक रॉबर्ट जॉन्सन असंच चाळण झालेलं विमान घेऊन इंग्लंडला परतला. भोकं मोजायला लागला आणि २०० च्या पुढे मोजणंच सोडलं.

फ्रान्समधल्या नॉर्मंडीत अमेरिकन हवाई दलाच्या जनरल केसाडांनी तर वैमानिकांनाच रेडिओसकट रणगाड्यांत बसवलं. पुढे तोफ दिसली की रणगाड्यातला वैमानिक वर घिरट्या घालणाऱ्या थंडरबोल्टला त्यांच्याच भाषेत सांगायचा. किती रणगाडे उडवले याचे वैमानिकांचे दावे मी अर्धेही धरत नाही. रणगाड्याला वरून नेम लागणं सोपं नव्हतं. पण इंधनाचे ट्रक, आगगाड्या, पूल? इंधन पोचलं नाही तर रणगाडा काय, नुसतं लोखंड. ब्रह्मदेशात ब्रिटिशांच्या रॉयल एअर फोर्सनेही हेच विमान जपान्यांवर याच कामाला जुंपलं होतं.

हे काम स्वस्तातलं नव्हतं. २८ विमानं हवेत पाडणारा थंडरबोल्टचा वैमानिक गॅब्रेस्की जुलै १९४४ मध्ये एका जर्मन धावपट्टीवर इतका खाली आला की पुढचा फिरता पंखा जमिनीला घासला. विमान कोसळलं, आणि तो युद्धकैदी झाला.

असो. कॉमेंटमध्ये मस्टँगवाले येतीलच. या, चहा टाकलाय.