या वयात कशाला?

परवा रजिस्टर लग्न केलं. वय ४७. फोटो मी टाकला नव्हता तरी वाडीच्या ग्रुपवर फिरला, म्हणून आता मीच लिहिते.

२०१६ साली हे गेले. लोक आता काय बोलतायत ते मला न ऐकताच माहितीये, कारण तेच मी बोललेय. आमच्या वाडीतल्या एका काकीने पन्नाशीत दुसरं लग्न केलं तेव्हा विहिरीवर मीच म्हटलेलं, पोरं मोठी झाली, या वयात कशाला? तिने ऐकलं होतं. तिच्या हळदीकुंकवालाही गेले नाही. आणि मी कुठली, तर दापोलीजवळच्या मुरुडची! पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या विधवा गोदूबाईंशी धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ ला लग्न केलं म्हणून त्यांना वाळीत टाकलं ते आमचंच गाव, शाळेत हे शिकून मोठी झालेली मी.

निसर्ग वादळात, ३ जून २०२०, आमची वाडी झोपली, माड, पोफळी, सगळं. तेव्हा हा, आताचा माझा नवरा, करवत घेऊन आला, वाट मोकळी केली, मग वीज नव्हती तितके दिवस सासूबाईंची औषधं दापोलीहून आणून देत होता, कधी आत येऊन बसला नाही. दोन वर्षांनी विचारलं. मी नाही म्हटलं. लोकांची भीती होतीच पण खरं सांगायचं तर परत कुणाचं आजारपण काढायचं आणि परत एक दिवस एकटं उरायचं हे मला नको होतं. ती भीती अजून आहे. पण रोज संध्याकाळी एकटीने दिवा लावून गप्प बसणं त्याहून जड व्हायला लागलं.

स्पेशल मॅरेज ॲक्टची नोटीस ३० दिवस बोर्डावर असते, तेवढ्यात मुंबईहून किती फोन आले. वय जास्त हे हरकतीचं कारण त्या कायद्यात नाही हो. तीन साक्षीदारांत एक माझा मुलगा होता. सासूबाई म्हणाल्या, गणपतीला मात्र इथेच ये.

काकीकडे जाऊन माफी मागितली. ती म्हणाली, बस, चहा टाकते.

शिमग्याला पालखी घरी यायची, बायका देवीची ओटी भरायच्या आणि मी इतकी वर्षं पडवीच्या खांबाशी उभी. मला कुणी मागे सारलं नव्हतं, पण पुढे ये असंही कुणी म्हटलं नाही. आता भरेन. लग्न नसतं केलं तरी भरायला हवी होती, हे मला तेव्हा कळलं नाही याचं वाईट वाटतं. समोरच्या घरातली सून दोन वर्षं तशीच खांबाशी उभी असते, यंदा तिला हाताला धरून पुढे आणणार आहे.