हत्ती नाचत नव्हता

मी तिसरीत असताना आज्जी मला बेळगावच्या सीपीएड मैदानावर सर्कस बघायला घेऊन गेली होती. खेळ सुरू व्हायला वेळ होता, म्हणून आम्ही तंबूच्या मागं जनावरं बघायला गेलो. तिथं दोन हत्तिणी बांधलेल्या. पुढचा एक पाय आणि मागचा एक पाय साखळीत. आत बँडवाले वाद्यं जुळवत होते आणि त्यातली एक हत्तीण डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं डोलत होती. सोंडही तशीच हलत होती. मी आनंदानं ओरडले, "आज्जी, हत्ती नाचालाय बघ गे!" आज्जीनं चपला काढून तिला हात जोडले.

बँड थांबला. हत्तीण डोलतच राहिली. हे मला आजही लख्ख आठवतं, पण तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

पुढं कितीतरी वर्षांनी नात्यातल्या एका जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं की ते नाचणं नसतं. दिवसभर मैलोन्‌मैल चालणारं, आपल्या गोतावळ्यात राहणारं जनावर हातभर साखळीत एकाच जागी, एकटं उभं केलं की त्याला तो विकार जडतो. पाय चालू शकत नाहीत, म्हणून अंग चालतं. रानातला मोकळा हत्ती असा तासन्‌तास डोलत नाही. त्या दिवशी घरी येऊन मी खूप रडले. माझ्या लहानपणीची सगळ्यात सुंदर आठवण म्हणजे कुणाचं तरी दुखणं होतं, हे पचवायला मला फार जड गेलं.

तंबूच्या आत त्याच हत्तिणीला एवढ्याशा स्टुलावर बसवलं होतं. मग पुढचे पाय उचलून सलाम, मग डोकं जमिनीला टेकवून मागचे पाय वर. तीन-चार टनांचं शरीर ते. रानात कुठली हत्तीण असं करते? माहुताच्या हातात अंकुश होता आणि प्रत्येक खेळाआधी तो कानामागं जायचा. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होते. सर्कशीत हत्तिणीच जास्त का, तर नर मदावर आला की आवरत नाही. आणि मादी म्हणजे जन्मभर आई, मावशी, बहिणींच्या कळपात राहणारी. बावीस महिने पोटात वाढलेलं, वर्षानुवर्षं आईला चिकटून राहणारं पिल्लू तिच्यापासून तोडायचं, बांधून, उपाशी ठेवून, मारून त्याची जिद्द मोडायची. स्टूल आणि सलाम त्यानंतर.

आपल्या भागाला सर्कशीचा अभिमान आहे आणि तो खोटा नाही. अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांनी 1880 मध्ये 'ग्रेट इंडियन सर्कस' उभी केली. देवल सर्कस तर म्हैसाळची, म्हणजे आपल्या कागवाडच्या शेजारची. झुल्यावरच्या पोरींचं, घोडेस्वारांचं कसब बघून आजही माझ्या अंगावर काटा येतो. पण ती माणसं ते शिकली, रोज सराव करून शिकली. हत्तिणीला कुणी विचारलं होतं?

सरकारनं 1998 मध्ये वाघ, सिंह, बिबळे, अस्वलं, माकडं यांच्या खेळांवर बंदी घातली आणि 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. त्या यादीत हत्ती नव्हता. वन्यजीव कायद्यात ज्याला वाघाइतकंच संरक्षण, तो रिंगणात राहिला! 2009 मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणानं प्राणिसंग्रहालयं आणि सर्कशींतले हत्ती हलवायला सांगितलं, 2018 मध्ये सर्कशीत कुठलाच प्राणी नको अशा नियमाचा मसुदा निघाला. एवढी वर्षं का लागावीत? माझ्या मते आपल्याला हत्ती आवडतो म्हणून. वाघाची भीती वाटते, त्यामुळं पिंजऱ्यातला वाघ केविलवाणा दिसतो. साखळीतला हत्ती मात्र आपल्याला घरचा वाटतो.

जुलै 2025 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणी मठाची हत्तीण माधुरी गुजरातेत जामनगरला, प्राण्यांच्या केंद्रात नेली तेव्हा निपाणी, चिकोडीकडची माझी ओळखीची माणसं ढसाढसा रडली. ते रडणं खरं होतं, त्यावर मी एक शब्द वाईट ऐकून घेणार नाही. 1992 पासून ती त्यांच्या घरातली होती. पण तिच्या एकटेपणाचा मुद्दाही न्यायालयात आला होता आणि तो मला सोडवत नाही. आपण तिच्यावर कितीही जीव लावला तरी आपण हत्ती नाही. आज्जीनं जोडलेले हात खरे होते. साखळीही खरी होती.

मागच्या कार्तिकात खानापूर तालुक्यात, नागरगाळीच्या बाजूला बहिणीकडं गेले होते. दांडेलीच्या रानातून हत्ती उतरले होते. दाजींचं कापणीला आलेलं भात एका रात्रीत आडवं झालं. ते संतापले होते, आणि त्यांचा संताप रास्त आहे. भरपाईसाठी खेटे घालायला लागतात, मिळते ती वेळेवर नाही. हत्तीवर प्रेम करायचं तर त्याचा खर्च एकट्या दाजींनी का सोसावा? बेळगावात बसून माझ्यासारखीनं जिव्हाळ्याच्या पोस्टी लिहायच्या आणि रात्र त्यांनी जागून काढायची, हे बरोबर नाही. बंदी मागणाऱ्यांनी भरपाईसाठीही तेवढंच भांडलं पाहिजे. मी भांडणार आहे.

संध्याकाळी दाजींनी मला माळ्यावर नेलं आणि बोट दाखवलं. लांब, रानाच्या कडेला चार हत्ती उभे होते, त्यातलं एक पिल्लू. मोठे कान हलवत होते, पिल्लू कुणाच्या तरी पोटाखाली शिरत होतं. दाजी भाताचा हिशेब सांगत होते. मी ऐकत होते, पण डोळे त्या चौघांवरच होते. अंधार पडेपर्यंत बघितलं. एकही डोलत नव्हता.