रिमोट डेस्कटॉपच्या पोर्टचा माझा मेसेज चुकीचा होता, थांबवा

मागं मीच टाकलं होतं की रिमोट डेस्कटॉपचा (दुसरीकडून आपला विंडोज पीसी चालवायची सोय) ३३८९ पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायच्या दाराचा नंबर, बदलला की कॉम्प्युटर बाहेरून कुणाला सापडत नाही, अन् आता ते जालना-परभणीच्या सेतूवाल्यांच्या ग्रुपात फिरायलंय. चूक आहे ते. स्कॅन करणाऱ्याला सगळे ६५,५३५ पोर्ट चाचपता येतात, उत्तर कसं येतं त्यावरून आत काय चालू आहे ते कळतं, शोडान हे नेटला जोडलेली यंत्रं शोधणारं सर्च इंजिन तर २००९ पासून अशी यादीच ठेवतंय. काल दुकानातल्या पोर्ट बदललेल्या पीसीचा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडला तर ४६२५ नंबरच्या, म्हणजे फेल लॉगिनच्या, ओळीच ओळी, अॅडमिन, युजर, टेस्ट असली नावं घालून, तेही रात्री अडीचला, शटर बंद असताना. राऊटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून थेट पीसीकडं सोडलेली वाट, काढा, व्हीपीएनमधूनच (नेटवरच्या खाजगी, कुलूपबंद वाटेनंच) जोडा. जुना मेसेज कृपया पुढं पाठवू नका, जिथं टाकलाय तिथं हा टाका.